टाकीकडची भिंत

विश्वनाथराव बोंद्रे सेक्टर सतराच्या तिकीट एजंटाकडे गेले ते अगदी साध्या कामाला. जहाजात निजायची जागा निवडायची होती. चंदीगडात बसून जहाजाची चौकशी म्हणजे वाळवंटात होडीचं दुकान शोधण्यातली गत. पण सरकारच्या मनात आलं की ते माणसाला कुठंही पाठवतं. हा मूळचा मिरजेचा नकाशे काढणारा गडी. बारा वर्षं इथल्या बांधकाम खात्यात दुसऱ्यांच्या घरांच्या भिंती आखत बसला होता, आणि शहाऐंशीच्या मार्चात त्याची बदली निघाली पोर्ट ब्लेअरला. कालका मेलनं कलकत्ता, आणि तिथनं पुढं चार दिवस नुसतं पाणी.

एजंटाचं नाव बहल. सुखना तलावातल्या पॅडलबोटीपलीकडे त्यानं जन्मात पाणी पाहिलेलं नव्हतं, पण बोलायचा असा, की बंगालचा उपसागर त्याला सासऱ्यानं लग्नात दिलाय. त्यानं टेबलावर जहाजाचा नकाशा अंथरला, चारी कोपऱ्यांवर चहाचे ग्लास ठेवले आणि म्हणाला, "समंदरवाली साइड ले लो जी. खिड़की मिलेगी. बच्ची मछली देखेगी."

विश्वनाथराव म्हणाले, आतली हवी. खिडकी नसलेली.

ढाब्यावर कुणी बिनतुपाचा पराठा मागितल्यावर बघावं, तसं बहलनं त्यांच्याकडे पाहिलं.

ही अट त्यांच्या बायकोची, सरलाबाईंची होती. दिवस कसले होते ते आठवून बघा. पंजाब पेटलेला, चौकाचौकात वाळूच्या पोत्यांमागे बंदुका, अंधार पडायच्या आत दारं बंद, स्कूटर जरा हळू झाली तरी रस्त्यावरची माणसं भिंतीला चिकटायची. सरलाबाईंनी खिडकीचा धसकाच घेतला होता. दोन वर्षं झाली, त्या आणि अकरा वर्षांची लेक लीना क्वार्टरच्या मधल्या स्टोअरमध्ये, ट्रंकांच्या ओळीत गाद्या टाकून निजत. त्या खोलीला खिडकी नव्हती, म्हणून त्यांना तिथं झोप लागे. बदलीचं कळल्यावर त्यांनी एवढंच सांगितलं, की केबिनला खिडकी असेल तर मी आणि लीना मिरजेला राहतो, तुम्ही जा एकटे. बाई कोल्हापूरची. एकदा बोलली की शिक्का बसला.

पण विश्वनाथरावांचीही एक अट होती, आणि ती त्यांनी कुणाला सांगितली नव्हती. भिंतीच्या पलीकडे माणूस नको.

बहलनं प्रत्येक केबिनवर पेन्सिल टेकवायची आणि यांनी विचारायचं, पलीकडे कोण? इथं दुसरं कुटुंब. तिथं बोटीवरचा स्वयंपाकी. बहल हसला, म्हणाला, घोरण्याची एवढी भीती वाटते तर वहिनीजींना कसं सांभाळलंत? मग विश्वनाथरावांनी स्वतःच पेन्सिल घेतली. नकाशा वाचण्यात त्यांचा हात कुणी धरला नसता. सत्तावीस नंबर. एका अंगाला जिना, दुसऱ्या अंगाला कुलूपबंद लोखंडी कपाटं, समोर पॅसेज, आणि डोक्याकडच्या भिंतीपलीकडे पिण्याच्या पाण्याची टाकी.

"इधर कोई नहीं जी," बहल म्हणाला. "सिर्फ़ पानी."

विश्वनाथरावांच्या छातीवरचा धोंडा उतरला. सायकलवरनं घरी येताना त्यांनी चक्क शीळ घातली.

आता ही भिंतीची भानगड काय, ते सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही.

चंदीगडची सरकारी क्वार्टरं जोडीनं असतात. एक घर म्हणजे दुसऱ्याचं आरशातलं रूप. यांच्या स्टोअरची मागची भिंत तीच शेजारच्या स्टोअरची. शेजारी राहायचे सरदार हरबख्शसिंग. सचिवालयात स्टेनो, निवृत्तीला एक वर्ष उरलेलं, बायको गेलेली, मुलगी कॅनडात. लीना त्यांना तायाजी, म्हणजे थोरले काका, म्हणायची. त्यांच्या चपलांचे पट्टे कायम सैल; चालले की फटक् घस, फटक् घस असं वाजायचं, आणि लीना त्यांच्या मागनं तशीच चालून दाखवायची. गडबडीचे दिवस सुरू झाले तेव्हा त्यांनीच एक रीत पाडली. दुपारी जेवण झालं की भिंतीवर तीन टकटका: ठीक आहात? इकडनं दोन: ठीक. रोजचं. मग दोन्ही घरं निवांत आडवी व्हायची.

आणि विश्वनाथराव होते थट्टेखोर. ऑफिसात लोकांच्या डब्यात पोळीऐवजी ट्रेसिंग कागद घडी करून ठेवणारे. थट्टा करणारा माणूस मनाचा वाईट नसतो हो. फक्त थांबायचं कुठं, ते त्याला कळत नाही.

चौऱ्याऐंशीचा जून. कर्फ्यूचा तिसरा दिवस. भर दुपार, वीज गेलेली, बाहेर ऊन असं पांढरं की डोळ्यांत चुना गेल्यासारखं वाटावं. सरलाबाई घामेजून झोपल्या होत्या. भिंतीवर तीन टकटका झाल्या. लीना तेव्हा नऊ वर्षांची. ती उत्तर द्यायला धावली. विश्वनाथरावांनी तिचं मनगट धरलं, ओठांवर बोट ठेवलं आणि डोळा मारला. जरा घाबरवू म्हाताऱ्याला.

पुन्हा तीन. लीनानं तोंडावर फ्रॉक दाबून हसू आवरलं.

पुन्हा तीन. जोरात.

मग शेजारचं दार उघडल्याचा आवाज आला. विश्वनाथरावांना कळलं, म्हातारा बघायला येतोय. मग तर त्यांना चेवच चढला. दबकत ते पुढच्या दारामागे जाऊन उभे राहिले. आत पाऊल टाकलं की भॉ करायचं. त्या दारापासून या दारापर्यंत मोजून दहा पावलं. ते मोजत होते. फटक् घस… एक. दोन. तीन. सातव्या पावलाला नाक्यावरच्या पहाऱ्याची शिट्टी वाजली, कुणीतरी दरडावलं. चपला गडबडल्या. आणि मग काहीच नाही.

आठवं पाऊल आलं नाही.

विश्वनाथरावांनी दाराच्या फटीतनं पाहिलं. पांढरं ऊन, आणि त्यात उलटी पडलेली एक चप्पल. दार उघडायला हात कडीवर गेला आणि तिथंच राहिला. बाहेर बंदुका होत्या, कर्फ्यू होता. काहीही कारण सांगा. दार त्यांनी उघडलं ते पहाऱ्याचे शिपाई येऊन म्हाताऱ्याला उचलायला लागल्यावर. डॉक्टर म्हणाले, हृदय. सरलाबाईंना वाटलं, दुधाला निघाले असतील बिचारे. विश्वनाथरावांनी लीनाला बाजूला घेऊन सांगितलं, कुणाला बोलायचं नाही. तिनं मान हलवली. तिनं शब्द पाळला.

शेजारच्या क्वार्टरला कुलूप लागलं आणि दोन वर्षं तसंच राहिलं. दुपारी जेवणं झाली, की त्या कुलपाआडच्या भिंतीवर तीन टकटका व्हायला लागल्या. विश्वनाथराव म्हणायचे, पाण्याचा पाइप असेल. पाइप कुठनं जातो, हे नकाशे काढणाऱ्याला ठाऊक नसेल होय? त्या भिंतीत पाइपच नव्हता. त्यांनी आपली खाट बाहेरच्या खोलीत, खिडकीपाशी नेली. शेजारीपाजारी म्हणायचे, काय छाती आहे माणसाची, अशा दिवसांत खिडकीत निजतो!

सामान बांधायचा दिवस आला. स्टोअरमधल्या ट्रंका ओढून काढल्या आणि मागची भिंत उघडी पडली. दोन ट्रंकांमधली फट होती तिथं, लीनाच्या खांद्याइतक्या उंचीवर चुन्यात एक खळगा होता. वाटीएवढा, गुळगुळीत. रोज एकाच जागी बोटं आपटल्यावर पडतो तसा.

लीना मागे येऊन उभी होती. ती मराठी सगळं समजायची, बोलायची मात्र हिंदीत.

"मैं देती हूँ ना जवाब," ती म्हणाली. "रोज़. दो बार. पर तायाजी मानते नहीं."

विश्वनाथराव वळले. "मानत नाहीत म्हणजे?"

"पूछते रहते हैं. मुझे नहीं… आपको पूछते हैं, बाबा."

मग ती अगदी सहज, शाळेतली गोष्ट सांगावी तशी म्हणाली, "परेशान होंगे ना, हम चले गए तो. इसलिए मैंने बता दिया. सत्ताईस बार ठोका."

विश्वनाथराव सायकल हाणत बहलकडे गेले. केबिन बदला म्हणाले. बहलनं कागद चाळले. एकच उरली होती, एकतीस नंबर, समुद्राकडची, मोठ्या खिडकीची. घरी येऊन त्यांनी सरलाबाईंपुढं विषय काढला. खिडकीला जाड पडदा लावू म्हणाले, वारा येईल, लीनाला मासे दिसतील.

सरलाबाईंनी भांडी कागदात गुंडाळायची थांबवली. "का? सत्तावीस का नको?"

आता बघा, माणसाला आयुष्यात एखादी फट मिळते. इथं बोलायचं होतं. चार वाक्यं. बाई रडली असती, भांडली असती, आठवडाभर जेवायला वाढलं नसतं, पण ऐकून घेतलं असतं तिनं. विश्वनाथरावांच्या ओठापर्यंत आलं. दाराशी लीना उभी होती. तीही वाट बघत होती.

"उगाच," ते म्हणाले. "हवा बरी असते."

"मग आम्ही मिरजेला जातो."

"नको. सत्तावीसच राहू दे."

लीना आत निघून गेली.

कलकत्त्याला जहाजात चढले तेव्हा विश्वनाथरावांनी पहिल्यांदा काय केलं असेल, तर सत्तावीस नंबरची डोक्याकडची भिंत तपासली. लोखंडी, हिरवट रंगाची, गार. कान लावला. आत पाणी हेलकावत होतं, डुबुक् डुबुक्. बाकी काही नाही. जिन्याकडे जिना, कपाटांकडे कपाटं. पॅसेजमध्ये दिवसरात्र जळणारे दोन पिवळे बल्ब. ऊन, वारा, कशाचा शिरकाव नाही. सरलाबाईंनी त्या कोंदट डब्यात पाऊल ठेवलं आणि दोन वर्षांत पहिल्यांदा त्यांचा चेहरा सैल झाला. पहिला दिवस बरा गेला. दुसराही. तिसऱ्या दिवशी सकाळी विश्वनाथरावांनी डेकवर एका बंगाली मास्तरांच्या टोपीत केळ्याची साल ठेवली. माणूस जुन्या चालीवर आला होता.

तिसऱ्या दिवशी दुपारी जेवणं झाली. सरलाबाई खालच्या बर्थवर झोपल्या. वरच्या बर्थवर लीना पालथी पडून काही चितारत होती. विश्वनाथराव समोरच्या बर्थवर, टाकीकडे डोकं करून.

इंजिनाची धडधड होती. पाण्याचं डुबुक् होतं. आणि त्यात हळूच एक वास आला. तेलाचा नाही, समुद्राचा नाही. तापलेल्या विटांवर पाणी मारल्यावर येतो तसा.

टकटक टक.

लोखंडावरचा आवाज नव्हता तो. लोखंड खणाणतं. हा आवाज बोदा होता… विटेचा. चुना दिलेल्या विटेचा.

विश्वनाथराव उठून बसले. पुन्हा तीन झाल्या. उशीवर पांढरा भुगा सांडला. त्यांनी बोटानं चाचपून बघितला. चुना.

आता ते उत्तर देणार होते. देवाशपथ देणार होते. दोन टकटका, एवढंच तर होतं. दोन वर्षं उशिरा का होईना. त्यांनी मूठ उचलली आणि वर पाहिलं.

लीना बर्थच्या कडेवरनं वाकून त्यांच्याकडे बघत होती. तिनं ओठांवर बोट ठेवलं. आणि डोळा मारला.

हात तिथंच राहिला… कडीवर राहिला होता तसाच.

पुन्हा तीन. जोरात. मग शांत.

पॅसेजमध्ये कुठंतरी एक दार उघडलं. लाकडी दार, बिजागरी कुरकुरणारं. त्या जहाजावर लाकडी दार एकही नव्हतं. फटक् घस… एक. फटक् घस… दोन. विश्वनाथरावांना मोजायचं नव्हतं, पण आकडे आपोआप जिभेवर येत होते. पाच. सहा. सात.

सातव्यानंतर थांबलं. इंजिनाची धडधडसुद्धा लांब गेल्यासारखी झाली. त्यांनी डोळे मिटले, आणि मनात म्हणाले, संपलं. इथपर्यंतच होतं.

आठवं पाऊल अनवाणी पडलं.

नववं चपलेचं. दहावं अनवाणी, अगदी दाराशी.

सरलाबाईंनी कूस बदलली. त्यांनी डोळे अर्धवट उघडले, डोळ्यांवर आडवा हात धरला आणि झोपेतल्या घोगऱ्या आवाजात कुरकुरल्या,

"अहो… खिडकी नाही म्हणालात ना? मग दाराखालनं हे ऊन कुठनं आलं?"

विश्वनाथरावांनी डोळे उघडले. दाराखालच्या फटीतनं ऊन आत आलं होतं. पांढरं, चुन्यासारखं, जूनचं. आणि त्या उन्हात दोन पावलांच्या सावल्या, अगदी स्थिर, वाट बघत.