तिसऱ्या वळणावरचा आवाज

प्रेक्षकांच्या स्टँडच्या सगळ्यात वरच्या फळीवर मी एकटी बसले होते. तीन फळ्या खालून एक मुलगा मागे वळला आणि सरळ माझ्याकडे बघून म्हणाला, "तुला सापडली का?"

काय, ते त्याने सांगितलं नाही... मला विचारावंही लागलं नाही. माझ्यासारखाच त्याच्याही कमरेला स्कॅनर होता, वॉकीटॉकीवरचं बोलणं ऐकवणारा. आमच्या शर्यतीच्या ट्रॅकच्या अधिकाऱ्यांनी या मोसमात नवे वॉकीटॉकी आणले होते, जुन्या फ्रिक्वेन्सीवर नुसती खरखर ऐकू येत होती, आणि नवी कुणालाच माहीत नव्हती.

खरं तर त्या फ्रिक्वेन्सीवरचं बोलणं हीच माझी सोबत होती. बाबा मातीच्या ट्रॅकवर गाडी पळवतात. दोन वर्षांपूर्वी त्यांची गाडी उलटली, तेव्हापासून आईने इथे पाऊल ठेवलेलं नाही. मी खाली पिटमध्ये, गाड्या तयार करतात तिथे, असले की बाबांचं लक्ष उडतं. म्हणून दर शनिवारी मी वर, एकटी. आयोवात उन्हाळ्यात इतकी धूळ उडते की वळणावर नक्की काय झालं ते स्टँडमध्ये कुणालाच कळत नाही. पण टॉवरमधले अधिकारी आणि वळणावरची माणसं आपसात काय बोलतात ते ऐकू आलं, की कळतं... 'ड्रायव्हर बाहेर आला, ठीक आहे.' मला तेवढंच ऐकायचं असायचं.

"नाही सापडली," मी म्हटलं. गेल्या वर्षीची मी एवढ्यावर थांबले असते. पण यंदा सोळा पूर्ण झाली होती, खिशात लायसन्स होतं, म्हणून पुढे म्हटलं, "तू बोलायचं काम कर. मी पकडते."

त्याचं नाव कर्टिस. नुकतीच शाळा संपवली होती त्याने. आमचा बेत अगदी साधा होता. जवळ कुणी वॉकीटॉकीचं बटण दाबलं, की स्कॅनर त्याची लहर झटकन पकडतो. कर्टिसने गेटवरच्या म्हाताऱ्या व्हर्नला गाठलं आणि पाण्याचा टँकर अजून एक फेरी मारणार का, असं इतक्या काळजीने विचारलं की जणू ट्रॅक त्याच्याच आजोबांचा. मी शेजारी उभी. हातात मक्याच्या चिप्सची फाडलेली पुडी, त्यात ओतलेला खिमा... आणि खाण्याचं नाटक. व्हर्नने टॉवरला विचारायला बटण दाबलं आणि माझ्या स्कॅनरवर आकडा उजळला. ४६४ पॉइंट ५.

मी आनंदाने अर्धा खिमा स्वतःच्या बुटावर सांडला.

त्या रात्री आम्ही वरच्या फळीवर एकाच स्कॅनरला दोन हेडफोन लावून बसलो. वायर आखूड होती. ती आखूड आहे याबद्दल दोघांपैकी कुणीही तक्रार केली नाही.

असे सहा-सात शनिवार गेले. मग तिसऱ्या वळणावरचा माणूस काम सोडून गेला, आणि तो सारखा प्रश्न विचारणारा पोरगाच घ्या, असं व्हर्नने सुचवलं. कर्टिसला हवंच होतं ते. मीही खूश झाले... म्हणजे तसं दाखवलं.

पुन्हा मी एकटी. फक्त आता कानात तो. 'तिसरं वळण, मोकळं.' 'तिसरं वळण, भिंतीजवळ टायर पडलाय.' त्याचा शब्द न् शब्द मला ऐकू येत होता, आणि माझा एकही त्याच्यापर्यंत पोहोचत नव्हता. शर्यत संपल्यावर तो ट्रॅक साफ करत बसायचा, मी बाबांची गाडी ट्रेलरवर चढवायचे. फोनवर बोलायचो, पण फोनवर आम्ही दोघंही गाड्यांबद्दलच बोलायचो. फार हुशार होतो ना.

मोसमाच्या शेवटच्या शनिवारी तो फोनवर म्हणाला की पेनसिल्व्हेनियातल्या एका मोठ्या ट्रॅकवर काम मिळालंय. सोमवारी निघतोय.

त्या संध्याकाळी शर्यतीच्या आधी सर आली. दहा मिनिटांत ट्रॅकचा चिखल झाला. मग नेहमीप्रमाणे लाउडस्पीकरवरून हाक आली, ज्यांच्याकडे पिकअप ट्रक असेल त्यांनी खाली या, फेऱ्या मारा, चिखल दाबून द्या.

बाबांचा ट्रक माझ्याकडेच होता.

दोन फेऱ्या मी शहाण्यासारख्या मारल्या. तिसऱ्या फेरीत तिसऱ्या वळणावर ब्रेक दाबला. कर्टिस रेनकोटमध्ये उभा होता, गुडघ्यापर्यंत चिखल.

"मार्नी, इथे थांबायचं नसतं."

"माहीत आहे. बस आत."

डॅशबोर्डवरच्या स्कॅनरमधून व्हर्नचा आवाज आला. तिसऱ्या वळणावर तो हिरवा ट्रक का अडलाय? कर्टिसने माझ्याकडे बघतच बटण दाबलं. "तिसरं वळण. ट्रकला... जरा मदत हवी आहे." आणि चिखलाच्या बुटांसकट आत बसला.

मी गाडी हळू चालवत होते. पुढच्या काचेवर चिखल, मागे ट्रकची रांग.

"मला तू आवडतोस," मी म्हटलं. "उत्तर इथेच दे. मला नुसतं ऐकायचा कंटाळा आलाय, मला बोलायचंय."

तो म्हणाला, "जुलैत एकदा विनाकारण पिवळा झेंडा पडला होता, आठवतं?"

न आठवून कसं चालेल? बाबा पहिले होते. झेंडा पडला, वेग कमी करावा लागला, सगळ्या गाड्या त्यांच्या मागे येऊन चिकटल्या, आणि बाबा चौथे आले. आठवडाभर घरात तोच विषय होता.

"ट्रॅकवर काहीच पडलेलं नव्हतं," कर्टिस म्हणाला. "मी तुला हात केला होता. टॉवरला वाटलं, मी धोक्याची खूण करतोय."

मी इतकी हसले की ट्रक भिंतीकडे गेला. मग दोघांनी मिळून स्टिअरिंग सरळ केलं... आणि त्याचा हात तिथेच राहिला, माझ्या हातावर, अख्खी फेरी.

"जाऊ नको असं म्हणणार नाहीये मी," मी म्हटलं.

"माहीत आहे. म्हणूनच जाणं अवघड झालंय."

वळणावर तो उतरला. शर्यत झाली. बाबा दुसरे आले. लोक पांगले, दिवे एकेक करून विझू लागले. मी वरच्या फळीवर हेडफोन लावून बसून राहिले. टॉवरने मोसमाचे आभार मानले आणि सगळ्यांना वॉकीटॉकी बंद करायला सांगितलं.

'पहिलं वळण, बंद.'

'दुसरं वळण, बंद.'

'तिसरं वळण...'

त्याने बटण दाबून धरलं होतं. कानात वारा आला, मक्याच्या शेतावरून येतो तसा, सळसळत. मी खाली अंधारात बघून हात केला. दिसणार नव्हता त्याला.

'...बंद.'