दुसरा गिअर

गोळ्यांच्या कारखान्यात पाकाच्या खोलीला खिडक्या तीन आणि पंप एक. पंपाला सगळे म्हातारा म्हणत. कढईतला उकळता पाक ओढून तो भिंतीपलीकडच्या साच्यांकडे ढकलायचा, आणि ढकलताना असा खडखडायचा की खोलीत हातवाऱ्यांनीच बोलावं लागे. म्हातारा सव्वीस वर्षं आक्कांच्या हाताखाली होता आणि कढई त्यांच्या नणंदेच्या, म्हणजे वन्संच्या. घरी एकच ओटा, इथे एकच खोली. तरी दोघी अजून एकमेकींशी बोलतात, याचं कारखान्याला कौतुक होतं.

त्या शुक्रवारी म्हाताऱ्याची परीक्षा होती. नव्या मॅनेजरांनी सरळ सांगितलं होतं, "आक्का, आज सर्व्हिसिंग करा. पाच वाजेपर्यंत दाबाचा काटा चारच्या खाली उतरला, तर सोमवारी नवा पंप येईल. त्याला माणूस लागत नाही. तुम्ही बसा स्टोअरमध्ये आरामात."

तो 'आरामात' आक्कांना सकाळपासून चपलेतल्या खड्यासारखा टोचत होता.

आठ वाजता त्यांनी मोटरचा स्विच पाडला, त्यावर आपलं कुलूप घातलं आणि किल्ली कमरेच्या पिशवीत टाकली. काम संपेपर्यंत ती किल्ली कुणालाही मिळत नसे, मग तो मालक का असेना. दोन्हीकडचे व्हॉल्व्ह बंद केले, कोंडलेला दाब हळूहळू सोडला, उरलेला पाक बादलीत काढला, पंप गरम पाण्याने धुतला आणि मगच झाकण उघडलं. निघेल तो भाग पांढऱ्या फडक्यावर ओळीने मांडायचा, जोडताना उलट ओळीने उचलायचा. फडकं रिकामं झालं की काम झालं. चूक व्हायला जागाच नाही.

आत गिअर दोनच. एकाला मोटर फिरवते. दुसरा खुंटीवर नुसता बसलेला असतो, पहिल्याच्या दातांत दात घालून फिरतो. त्यांच्या खाचांत भरून पाक पुढे जातो. एक काढला तर दुसरा नुसता गरागरा फिरेल, थेंब हलणार नाही.

"तुझं नि दादाचं तसंच," वन्सं कढईवरून म्हणाल्या. "एक फिरवतो, एक फिरतो."

"कोण कुठला, ते बोलू नका. घरी जायचंय."

साडेदहाला वन्संच्या एप्रनमधला फोन वाजला. आक्कांची लेक दोन दिवस दवाखान्यात अडली होती. वन्संनी ऐकलं, आणि हातातला झारा वर उंचावून किंचाळल्या, "वहिनी! मुलगी झाली! दोघी ठणठणीत!"

मग काय विचारता! साच्यांवरच्या बायका धावत आल्या. कुणी मूठभर गोळ्या उधळल्या. वन्संनी आक्कांचे तेलकट हात धरून खोलीभर अशी गिरकी घेतली की दोघींच्या टोप्या उडाल्या. आक्का रडल्या, हसल्या, पुन्हा रडल्या, आणि डोळे पुसत पंप जोडायला बसल्या. नवं सील घातलं, झाकण लावलं, समोरासमोरचे बोल्ट थोडे थोडे आवळले. फडक्याची चारी टोकं गोळा करून, आतल्या जुन्या सीलसकट, बोचकं बाकाखाली सारलं.

सुरू करण्याआधी शाफ्ट हाताने फिरवून पाहायचा असतो. आज तो लोण्यासारखा फिरला. आक्कांनी हात काढला, तरी आणखी पाव फेरा फिरून मग थांबला.

'आनंदात हात जोरात लागला,' त्या मनाशी म्हणाल्या.

शाफ्टवरची जाळी बसवली. पुढचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडला, कारण तो बंद असला तर पाकाला वाट नाही आणि पाइप फुटून माणूस भाजतो. मग मागचा उघडला. कुलूप काढलं. बटण दाबलं.

काहीच आवाज आला नाही.

वन्संनी सवयीने हातवारे करून विचारलं, बंद पडला का? आक्कांनी काट्याकडे बोट दाखवलं. काटा पाचवर होता, चिकटवल्यासारखा. भिंतीपलीकडे साचे भरत होते.

"अगं बाई," वन्सं म्हणाल्या, आणि स्वतःच्याच आवाजाने दचकल्या. पंप चालू असताना या खोलीत तो कुणी धड ऐकलाच नव्हता. मग त्यांनी पाण्याने काठोकाठ भरलेला पेला पंपावर ठेवला. पाण्यावर एक तरंग उमटला नाही.

एक वाजता मॅनेजर आले. पंपाला कान लावला, पेला पाहिला आणि मान डोलावली. "आक्का, जादू केलीत. असाच राहिला तर नवा पंप रद्द."

ते गेल्यावर आक्कांनी पंपावर तळहात टेकला. येणारा पाइप पोळत होता, जाणाराही पोळत होता. मधला पंप गार होता.

तीन वाजता फडकं धुवायला त्यांनी बाकाखालचं बोचकं ओढलं. ते जड लागलं.

जुन्या सीलखाली दुसरा गिअर होता. धुतलेला, कोरडा, तेरा दातांचा.

आक्का स्टोअरमध्ये जाऊन आल्या. राखीव गिअर खोक्यात होता, वरची चिकटपट्टीही शाबूत. परत येऊन त्यांनी हातातला गिअर वन्संना दाखवला.

वन्संनी गिअरकडे पाहिलं, मग पंपाकडे. "मग आत काय आहे?"

"तेच कळत नाही."

"पाच वाजू दे की. दोनच तास. कुणाला कळतंय?" वन्संनी आवाज उतरवला. "वहिनी, तू गेलीस तर मी या खोलीत भांडू कुणाशी?"

आक्कांनी काट्याकडे पाहिलं. पाच. आयुष्यात इतका स्थिर काटा त्यांनी पाहिला नव्हता. "आत काय फिरतंय ते मला ठाऊक नाही," त्या म्हणाल्या, "आणि त्याच्या शेजारी तुम्ही उभ्या आहात."

त्यांनी पंप बंद केला. कुलूप घातलं, व्हॉल्व्ह बंद केले, दाब सोडला, पाक काढला. एकही पायरी गाळली नाही. मग झाकण उघडलं.

खुंटीवर गिअर होता.

साखरेचा. मधाच्या रंगाचा, काचेसारखा आरपार, कडा धारदार. तेरा दात.

"उकळत्या पाकात साखरेचा खडा टिकत नाही गं," वन्सं पुटपुटल्या. हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक! आक्कांनी चिमट्याने तो उचलून ताटलीत ठेवला. त्या खुंटी पुसायला वळल्या, तेवढ्यात मागे कट्ट आवाज झाला. वन्संनी एक दात मोडून तोंडात टाकला होता.

"वन्सं!"

"सवय गं. पाक आहे, चाखायला नको?" त्यांनी जीभ फिरवली. "गोड आहे. पण गार. विरघळतच नाहीये." आणि गिळून टाकला.

लोखंडी गिअर खुंटीवर चढला. चार वाजता बटण दाबलं आणि म्हातारा खडखडायला लागला. वन्संनी आनंदाने कानांवर हात ठेवले. काटा थरथरत साडेचारवर आला.

आवाज ऐकून मॅनेजर धावत आले. आक्कांनी त्यांना बाहेर नेऊन सगळं खरं सांगितलं. गिअर घालायला विसरले, माझी चूक.

मॅनेजर पोट धरून हसले. "आक्का, एका गिअरवर पंप चालत नाही, हे मला तुम्हीच शिकवलंत. मग चार तास पाक कुणी ढकलला, तुमच्या नातीनं?"

पाचपर्यंत तिघं काट्यासमोर उभे राहिले. तो सव्वाचारवर उतरला, थबकला, तिथेच हलत राहिला. भोंगा झाला.

"नवा पंप रद्द," मॅनेजर म्हणाले. "उद्या रजा घ्या. नातीला बघून या."

आक्कांनी वन्संना मिठी मारली. दोघी पाकाने चिकट झाल्या आणि सुट्या व्हायला तयार होईनात. हसून हसून दमल्यावर त्या आवराआवर करायला खिडकीशी गेल्या. साखरेच्या गिअरची ताटली तिथेच ठेवली होती.

मुंग्या आल्या होत्या. फटीतून निघालेली रांग ताटलीच्या वीतभर अलीकडे थांबली होती आणि ताटलीभोवती गोल उभी होती. एकही पुढे जात नव्हती.

"या मुंग्यांना आज काय झालंय!" वन्सं हसल्या, आणि त्यांना झाडायला कट्ट्यावर हात टेकला.

मुंग्या हातापासूनही मागे सरकल्या. वीतभर. आणि हाताभोवती गोल उभ्या राहिल्या.