जमा न झालेलं पिस्तूल

माझा माझ्या आठवणीवर फारसा भरवसा नाही. चष्मा कुठे ठेवला तेही मला आठवत नाही. पण त्या दिवशी जे घडलं, ते घडलं. यात एकही शब्द पदरचा नाही.

रात्र नव्हती.

ऑक्टोबर २०१९ चा शेवटचा गुरुवार. दुपारचे दोन वाजून गेलेले. चेक देशातल्या ओलोमोत्स शहराजवळच्या आमच्या गावातलं बंदुकांचं दुकान. बाहेर धुकं, आत आम्ही तिघंच.

मी वेंदेलीन, वय बहात्तर. पोलीस ठाण्याच्या शस्त्रकोठीत पंचवीस वर्षं कारकून होतो. ड्यूटीवर जाणाऱ्याला पिस्तूल द्यायचं, परतला की घ्यायचं, वहीत लिहायचं. मधल्या वेळात पुस्तक वाचायचं. एवढंच काय ते माझं शौर्य.

दुसरी माझी भाची राद्का. तिसऱ्या म्हणजे दुकानाच्या मालकीणबाई, हेदविका.

राद्काचा नवरा यारेक मार्चमध्ये जंगलात झाड पाडताना त्याच झाडाखाली सापडून गेला. तेव्हापासून ती रानाच्या कडेच्या घरात एकटी राहत होती. मंगळवारी तिचा फोन आला.

"मामा, एक जुनं पोलिसी पिस्तूल बघितलंय. यारेकबरोबर मीही परवाना काढला होता ना, तो आहे अजून. पण घेण्यासारखं आहे का, ते तू येऊन सांग."

मी हो म्हणालो.

तुला कशाला हवंय, हे विचारायचं होतं. फोन ठेवल्यावरही किती तरी वेळ विचारायचंच होतं. मी असाच आहे.

गुरुवारी ती गाडी घेऊन आली. मागची सीट रिकामी होती.

"कुत्रा कुठाय?"

"शेजाऱ्यांना दिला. माझ्याच्यानं नाही होत त्याचं."

यारेकचा कुत्रा. तेव्हाही मी विचारलं नाही. धुकं फार आहे, असं काहीतरी बोललो.

दुकानात हेदविकाबाईंनी पिस्तूल कापडावर ठेवलं. ब्याऐंशी सालचं मॉडेल. अशी शेकडो माझ्या हातांखालून गेली आहेत.

"कशासाठी हवंय पोरी?" त्यांनी सहज विचारलं.

"रानडुकरं येतात अंगणात."

"यानं डुक्कर मरायचं नाही. हसेल मात्र पोटभर."

राद्काही हसली. तोंडानंच.

मी कामाला लागलो. मॅगझिन काढलं. स्लाइड, म्हणजे वरचा सरकता भाग, मागे ओढून आत गोळी नाही ना ते पाहिलं. अंगठ्याचं नख मागून आत धरलं, त्यावर उजेड पाडला आणि पुढून नळीत बघितलं. नळी स्वच्छ होती. गोळीला फिरकी देणारे आतले पीळ अजून धारदार होते. पुढच्या टोकाचा काळा रंग मात्र उडालेला, कमरेच्या चामडी कव्हरात घालून-काढून. मुठीला एक केसाएवढी चीर.

म्हणजे खूप वागवलेलं, पण कमी झाडलेलं. जुनं पिस्तूल घेणारा याहून जास्त काय मागणार?

"बोला वेंदेलीनराव," हेदविकाबाई म्हणाल्या. "की आधी ग्रंथालयात जाऊन वाचून येताय?"

"चांगलं आहे," असं म्हणणारच होतो.

तेवढ्यात चष्मा पुसून नंबर वाचला.

शेवटचे चार आकडे... ४४७१.

हा नंबर मी विसरलेलो नाही. सगळं विसरलो तरी हा नाही.

तो लुबोशच्या पिस्तुलाचा नंबर होता.

लुबोश आमच्या ठाण्यातला पोलीस, सव्वीस वर्षांचा होता. १९८७ च्या नोव्हेंबरची गोष्ट. त्याची बायको लहान मुलीला घेऊन माहेरी निघून गेली होती. ठाण्यात सगळ्यांना ठाऊक होतं. त्यावर विनोदही व्हायचे. लुबोश हसायचा.

त्याची ड्यूटी दोन वाजता संपायची. शस्त्रकोठीची खिडकी अडीचपर्यंत उघडी ठेवायची असा नियम होता. त्या दिवशी मी दोन वीसलाच तिची लाकडी फळी लावून घेतली. पुस्तकाची शेवटची चाळीस पानं राहिली होती. एवढंच कारण.

फळीवर दोनदा टकटक झाली. हलकी.

"वेंदेलीनदादा, आहात का? आज हे माझ्याजवळ नको."

मी ऐकलं. सगळं ऐकलं. मला वाटलं, ठेवेल घरी एक रात्र, बाकीचे ठेवतातच की. पान उलटल्याचा आवाज होऊ नये म्हणून मी हात तसाच धरून बसलो.

मग पावलं लांब गेली.

तो संध्याकाळी त्याच्या बागेतल्या खोपटात सापडला. 'पिस्तूल साफ करताना गोळी सुटली.' वहीत हे वाक्य मीच लिहिलं. अक्षर चांगलं आलं होतं.

यातलं मी कधी कोणाला सांगितलं नव्हतं. राद्कालाही नाही.

चौकशी संपल्यावर ते पिस्तूल धुऊन-पुसून पुन्हा वापरात गेलं असणार. पुढे जुना माल म्हणून विकलं गेलं असणार. यात नवल काही नाही. असं मी स्वतःला समजावलं, मॅगझिन परत बसवलं, स्लाइड पुढे सोडली आणि पिस्तूल कापडावर ठेवलं.

आणि मग...

टक. टक.

लाकडावर. माझ्या पाठीमागे.

मी वळून पाहिलं. मागे नुसती भिंत होती. दगडी. दुकानात त्या बाजूला लाकूडच नव्हतं.

"काय झालं?" हेदविकाबाई म्हणाल्या.

"काही नाही."

मी पुन्हा समोर पाहिलं.

पिस्तुलाचं मॅगझिन... बाहेर काढून बाजूला ठेवलेलं होतं. स्लाइड मागे अडकवलेली. तोंड भिंतीकडे, मूठ माझ्याकडे.

शस्त्रकोठीच्या खिडकीत जमा करताना असंच ठेवतात. दुसरीकडे कुठेच असं ठेवत नाहीत.

मीच ठेवलं असेल का? पंचवीस वर्षांची सवय. हात आपोआप करत असतील. मला खात्री नव्हती. मला कशाचीच खात्री नसते.

"तुम्ही हात लावला का याला?" मी विचारलं.

"मी इथे बिलाची वही शोधतेय," हेदविकाबाई म्हणाल्या. राद्काचे दोन्ही हात कोटाच्या खिशात होते.

मी पिस्तूल उचललं. दुकान इतकं गार होतं की बोलताना वाफ दिसत होती.

मूठ... कोमट होती. आत्ताच कोणाच्या तरी हातातून सुटल्यासारखी.

मी ते पुन्हा जोडलं. यावेळी मोठ्यानं बोलत जोडलं. "मॅगझिन आत. स्लाइड पुढे." हेदविकाबाईंना वाटलं, म्हातारा चळला. मी ते कापडावर ठेवलं आणि त्याच्यावरून नजर काढली नाही. पापणीही लवू दिली नाही.

ते हललं नाही.

"मामा," राद्का हळूच म्हणाली. "मागे कोणी आहे का?"

"का?"

"कोणीतरी ठोकतंय."

मला त्या वेळी काहीच ऐकू आलं नव्हतं.

"मागे नदी आहे, पोरी," हेदविकाबाई म्हणाल्या. "तिकडून कोण ठोकणार?"

राद्का भिंतीकडे बघत होती. तिचा चेहरा मी मार्चपासून पाहत आलो होतो, पण नीट तेव्हाच पाहिला. एखाद्याला हाक मारावी आणि घरात कोणी नसावं, तसा तो चेहरा होता.

बाईंसमोर असं विचारावं का, आपलं चुकत असेल तर काय, ती कायमची दुखावली तर काय. सगळं मनात आलं. तरी मी विचारलं.

"राद्का, हे तू स्वतःवर चालवणार आहेस का?"

हेदविकाबाईंचा हात वहीवर थांबला.

"असं विचारतात का, मामा?"

"मी विचारत नाही कधी. ते बरोबर नव्हतं."

तिनं हात खिशातून बाहेर काढले. मग म्हणाली, "दुपार निघते रे. सकाळ नाही निघत. मी अजून दोन कप काढते कॉफीला."

मी तिचा हात धरला. आमच्या घरात हात धरायची पद्धत नाही. मला तो नीट धरताही आला नाही.

हेदविकाबाईंनी पिस्तूल उचललं, खणात टाकलं आणि किल्ली फिरवली. "आज माझं दुकान बंद," त्या म्हणाल्या. "व्हिनेगरात मुरवलेलं सॉसेज आहे आणि पाव आहे. बसा दोघं. वेंदेलीनराव, तुम्ही पण. उभ्या उभ्या पडाल."

राद्का त्या दिवशी माझ्याकडे आली. अजून माझ्याकडेच आहे. कुत्राही आणला परत. दर बुधवारी ती डॉक्टरांकडे जाते, आणि मी सकाळी तिच्या आधी उठून कॉफी करतो. बरी आहे, असं मला वाटतं. विचारतोही मी आता. ती वैतागते, तरी विचारतो.

पण त्या दिवशी दुकानातून निघताना...

मला पुन्हा टकटक ऐकू आली होती. खणाच्या आतून. दोनदा. हलकी.

हेदविकाबाई पुढे होत्या, राद्का पायऱ्या उतरत होती. मी उंबऱ्यात थांबलो. परत जाऊन नुसतं ते पिस्तूल हातात घ्यायचं होतं आणि 'जमा' म्हणायचं होतं. दोन अक्षरं. दोघी वळून बघायला लागल्या. मला लाज वाटली. मी बाहेर पडलो आणि दार लावून घेतलं.

दोन आठवड्यांनी धीर करून पुन्हा गेलो. म्हटलं, परवाना काढतो, पण ते पिस्तूल माझ्यासाठी ठेवा.

ते विकलं गेलं होतं. ब्र्नो शहरातला कोणी माणूस. नाव सांगायची परवानगी नाही, असं हेदविकाबाई म्हणाल्या.

"एकटा होता का?" मी विचारलं.

"एकटाच होता. फारसं बोलला नाही. का हो?"

लुबोशनं ते दुसऱ्यांदा माझ्यासमोर ठेवलं होतं, आणि मी ते दुसऱ्यांदाही घेतलं नाही.