झूम मागे घ्या

प्रेमराजने ठिबकच्या नळ्या विकत अर्धं आयुष्य काढलेलं. अशा माणसाने कॅमेरा घ्यायचा म्हटल्यावर तो एका फेरीत कसा घेतला जाणार? बैलबाजारात म्हातारे बैलाचे दात बघतात, शेपटी पिळतात, चार पावलं चालवून आणतात. चोपड्याच्या या गड्याने कॅमेऱ्याचं तेच चालवलं होतं. होळी झाल्यापासून रोज जेवणानंतर मोबाइलवर व्हिडिओ लागायचे, आणि त्याची बायको सारिका म्हणायची, "मुलगी बघायला आलात तेव्हा एवढे प्रश्न विचारले नव्हते."

हे सगळं मेघासाठी होतं. मेघा त्यांची एकुलती एक, तिसरीतून चौथीत गेलेली. मागच्या उन्हाळ्यात तिघं ताडोब्याला गेले होते. वाघ निघाला, पण तळ्याच्या पार पलीकडे. जिप्सीतली मोठी माणसं माना उंच करून बघत राहिली, आणि पोरीला काही दिसलंच नाही. मोबाइलवरच्या फोटोत वाघ भाकरीवरच्या डागाएवढा आला. "पप्पा, यात वाघ कुठंय?" एवढं विचारून ती परतीच्या गाडीत खिडकीला डोकं लावून गप्प बसली. ते गप्प बसणं प्रेमराजच्या जिव्हारी लागलं. "पुढच्या वर्षी इतका जवळ आणून दाखवीन, की मिशा मोजशील," असं त्याने तिला तिथेच सांगून टाकलं होतं.

यंदाचं बुकिंग झालं होतं. मे महिना अर्धा सरला होता, आणि जळगावचं ऊन असं, की दुपारी रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही. त्या उन्हात मेघाला घेऊन प्रेमराज झुलालभाऊच्या दुकानाच्या पायऱ्या चढला. झुलालभाऊंनी एकेकाळी लग्नांचे फोटो काढले, आता नवे-जुने कॅमेरे विकतात. त्यांनी काउंटरवर दोन कॅमेरे ठेवले. एक कोरा, चाळीस पट झूमचा. दुसरा वापरलेला, पासष्ट पट, आणि किमतीला पहिल्याहून कमी.

"जुना इतका स्वस्त कसा?" प्रेमराजने विचारलं.

"दोंडाईचाच्या एका सरांचा आहे. अभिमन सर. सातपुड्यात पक्षी बघत हिंडायचे." झुलालभाऊंनी फडक्याने लेन्स पुसली. "त्यांच्या मिसेस घेऊन आल्या होत्या, प्रमिलाबाई. दुकानात काही चढल्या नाहीत, खालीच पायरीवर माझ्या हातात दिला."

"आणि सर?"

"ते मी विचारलं नाही, भाऊ. बाईंचा चेहरा विचारण्यासारखा नव्हता. एकच म्हणाल्या, घेणाऱ्याला सांगा, बंद करताना झूम मागे घ्या. मी म्हटलं, ते तर घ्यावंच लागतं, नाहीतर लेन्स अडकते." ते हसले. "लांबचं बघायचं असेल तर गच्चीवर चला."

गच्ची तव्यासारखी तापली होती. दूर पाण्याची उंच टाकी होती, तिला वळसे घेत जाणारा लोखंडी जिना. प्रेमराजने आधी नवा कॅमेरा लावला. टाकी जवळ आली, जिन्याचे कठडे दिसले, जिना रिकामा. मग जुना लावला. घुर्रर्र आवाज करत लेन्स पुढे सरकली, टाकीवरच्या रंगाचे पोपडेसुद्धा दिसले, आणि जिन्याच्या मधल्या वळणावर एक माणूस उभा दिसला.

पाठमोरा होता. डोक्यावरून काळी घोंगडी घेतलेली, अगदी पावसात गुराखी घेतात तशी. भर बाराच्या उन्हात.

प्रेमराजने कॅमेरा खाली घेतला, डोळे बारीक करून बघितलं. एवढ्या लांबून नुसत्या डोळ्यांना माणूस कुठला दिसणार? "रंगारी असेल," तो म्हणाला. त्याला तर आनंदच झाला. चाळीसला जे दिसत नाही ते पासष्टला दिसतं, याहून मोठी पारख कोणती? दोन्ही कॅमेरे एकामागून एक त्याच जिन्यावर लावले होते, मग एकात जिना रिकामा का, हा साधा प्रश्न त्याला पडला नाही. स्वस्तात मिळालं की माणसाची अक्कल गहाण पडते. झूम मागे घेऊन त्याने कॅमेरा बंद केला आणि तोच बांधून घेतला.

चोपड्याला घरी पोहोचले तेव्हा दारात अक्का उभी होती. लिलाबाई, प्रेमराजची थोरली बहीण. नवरा गेल्यापासून ती भावाकडेच असते. लांबून कोणी आलं की अक्का त्याला उंबऱ्याबाहेर थांबवते, भाकरीचा तुकडा आणि पाण्याचा तांब्या ओवाळते, तुकडा लांब फेकते, मगच आत घेते. वाटेत मागे लागलेलं काही असेल तर ते तुकड्याबरोबर बाहेरच राहतं, असं ती मानते. सारिका बँकेत नोकरी करणारी, पण तीही मुकाट्याने थांबते. त्या दिवशीही अक्काने दोघांवरून तुकडा ओवाळला, कॅमेऱ्याची बॅग प्रेमराजच्या खांद्यालाच होती. म्हणजे दारातून काही आत आलं नाही. हे ध्यानात ठेवा.

घराच्या मागे चुलत्यांची केळीची बाग, तिच्या पलीकडे कापूस निघून गेलेलं उघडं रान, आणि त्याच्याही पलीकडे सातपुडा. दुसऱ्या दिवशी दुपारी आपल्या दुकानाचं शटर ओढून प्रेमराज घरी आला. बाहेर उभं राहायची सोय नव्हती, म्हणून कूलर लावून मागच्या खोलीत पलंगावर बसला, खिडकी उघडली आणि कॅमेरा डोंगरावर धरला. मेघा त्याच्या खांद्याला लटकून छोट्या पडद्यात बघत होती.

"अजून जवळ आणा, पप्पा."

घुर्रर्र. डोंगराची धार जवळ आली. धारेवरचं सुकं झाड जवळ आलं. झाडाखाली कोणीतरी उभं होतं. पाठमोरं. काळी घोंगडी.

जळगावची टाकी कुठे, सातपुड्याची धार कुठे... त्याने झूम मागे घ्यायला बोट सरकवलं, तेवढ्यात पडदा काळा झाला. बॅटरी संपली होती. लेन्स तशीच बाहेर, पूर्ण लांबलेली, अडकून राहिली.

"गुराखी होता," तो म्हणाला.

"गुरं कुठं होती पण?" मेघाने विचारलं. त्याने कॅमेरा चार्जिंगला लावला आणि दुकानात निघून गेला.

त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी घरात वास येत होता. ओल्या लोकरीचा, भिजलेली घोंगडी कोपऱ्यात पडून राहिली की येतो तसा. बाहेर पाण्याचा टिपूस नाही. अक्काने कूलरची वाळ्याची ताटी काढून हुंगली, पण वास तिचा नव्हता. प्रेमराजने कॅमेरा चालू केला. लेन्स होती तिथेच, पूर्ण लांब. पण तिच्यातून आता डोंगर दिसेना. पडद्यावर केळीची पानं होती, बागेची अलीकडची कड, आणि पानांत तो उभा. घोंगडीवरून पाणी ठिबकत होतं. प्रेमराजने कॅमेऱ्यावरून डोळा काढून खिडकीबाहेर बघितलं. बाग होती, ऊन होतं, माणूस नव्हता. मोबाइल काढून त्याच जागेचा फोटो घेतला. नुसती केळी. पुन्हा कॅमेऱ्यात बघितलं. तो होता, आणि वळू लागला होता. घाबरून प्रेमराजने खालून बॅटरीच ओढून काढली. पुन्हा लेन्स बाहेरच राहिली.

"पप्पा, तो मला बोलावतोय," मेघा म्हणाली.

"कोण?"

"तो. आपल्या खिडकीशी आलाय ना."

ती बघत होती ती खिडकी प्रेमराजला रिकामी दिसत होती. त्याने पोरीला उचललं, खिडकी लावली, स्वयंपाकघरात अक्काजवळ नेऊन बसवलं आणि जे झालं ते सगळं सांगून टाकलं. अक्काने आपल्या अहिराणीत एकच विचारलं, "तू कोठे बसेल व्हता? बाहेर का घरमा?"

"घरमा."

अक्काने डोळे मिटून घेतले. "दारथून येतं तर मी अडाई टाकतू, भाऊ. तू त्याले घरमा बसीसन ओढी लयना. मन्हा तुकडा त्याले कसा आडा येई?"

"मग आता? टाकून देऊ कॅमेरा? फोडतो."

"फोडशी तर ते आठेच, घरमाच ऱ्हाई." ती हळू आवाजात म्हणाली. "त्या बाईनी काय सांगं व्हतं? मागे ल्या. जसं आनं तसंच धाडी दे. पन मधमा कोनी येवाले नको... आंडेर तर बिलकुल नको." तिने पोरीकडे बोट दाखवलं.

मेघा तिथेच चटईवर झोपली होती. अक्काने तिचा हात आपल्या पदराला बांधला. प्रेमराज एकटाच मागच्या खोलीच्या दारात गेला. कूलर बंद होता. एवढी शांतता, की भिंतीवरची पालसुद्धा सरकताना ऐकू आली असती. त्याने बॅटरी घातली, कॅमेरा डोळ्याला लावला.

आधी नुसतं काळं दिसलं. त्याला वाटलं, चालूच झाला नाही. मग त्या काळ्यात धागे दिसले. जाड लोकरीची वीण, आणि विणीत अडकलेले पाण्याचे थेंब. घोंगडीच होती ती, सगळा पडदा भरून. वास थेट नाकात घुसला. तो खोलीत होता. पलंग आणि खिडकी यांच्यामध्ये, चार हातांवर.

प्रेमराजने बोट सरकवलं. घुर्रर्र... काळं लहान होत गेलं. खांदे दिसले, डोकं दिसलं, चेहऱ्याच्या जागी घोंगडीचीच घडी दिसली. आकृती खिडकीपलीकडे गेली. अंगणात गेली. कपड्यांच्या दोरीखालून मागे मागे. "जा..." प्रेमराज पुटपुटत होता, "जा बाबा, जा..." केळीच्या कडेला पोहोचली. त्याच्या कपाळावरचा घाम डोळ्यात उतरला, पण त्याने डोळा मिटला नाही. बॅटरीची खूण लाल होऊन लुकलुकायला लागली.

स्वयंपाकघरात अक्का भाकरीचा तुकडा घ्यायला उठली होती. उठताना तिने पदराची गाठ सोडली, एवढ्याशा वेळासाठी. काम झालं की पोरीवरून लगेच ओवाळून टाकावा, एवढाच तिचा विचार.

पडद्यात पिवळा फ्रॉक आला.

मेघा प्रेमराजच्या बाजूने निघून खिडकीकडे चालली होती. त्याने बोट उचललं, पण लेन्स थांबेना. घुर्रर्र... फ्रॉकही लहान होत गेला. खिडकीपलीकडे. दोरीखालून. केळीच्या कडेला ती काळी आकृती थांबली, घोंगडीतून काहीतरी पुढे आलं, आणि पिवळा ठिपका काळ्या ठिपक्याला जाऊन लागला. दोन्ही उघड्या रानात गेले, डोंगराकडे गेले. टक् असा आवाज होऊन लेन्स पूर्ण आत गेली आणि पडदा विझला.

प्रेमराजने कॅमेरा खाली घेतला.

मेघा खोलीतच होती. खिडकीशी, पाठमोरी, पिवळ्या फ्रॉकमध्ये. त्याचा जीव भांड्यात पडला. धावत जाऊन त्याने तिला कवेत घेतलं, तिच्या केसांत तोंड खुपसलं, आणि बापमाणूस हुंदके देऊन रडला. पोर गार लागत होती. केसांना ओल्या लोकरीचा वास येत होता. पण वास तर सगळ्या खोलीलाच येत होता, असं त्याने स्वतःला समजावलं.

तेवढ्यात मागच्या बाजूने, केळीच्याही पलीकडून, उन्हातून लांबचा आवाज आला.

"पप्पा... मी इकडंय... पप्पा..."

आवाज मेघाचा होता. तोच शेवटचा हेल, आणि 'पप्पा' म्हणताना रडू आवरणं तेच. मागच्या वर्षी वाघाचा फोटो बघताना ऐकलं होतं तसं. प्रेमराज उठायला गेला. कवेतल्या पोरीने दोन्ही हात त्याच्या गळ्याभोवती घट्ट केले आणि त्याच्या कानाशी, अगदी त्याच आवाजात, हळूच म्हणाली, "तिकडं नका बघू, पप्पा. मी इथंच आहे ना..."

रानातली हाक पुन्हा आली. या वेळी थोडी आणखी लांबून.

अक्का दारात येऊन उभी होती. एका हातात पाण्याचा तांब्या, दुसऱ्या हातात भाकरीचा तुकडा. तिने कवेतल्या पोरीकडे बघितलं, मग खिडकीबाहेर बघितलं. तुकडा धरलेला हात वर गेला आणि तिथेच राहिला. कोणावरून ओवाळायचा आणि कोणाला आत घ्यायचं, हे तिला कळत नव्हतं.