दोन बोटं आत

कपडे दुरुस्तीच्या दुकानात माणसं खरं बोलत नाहीत, हे तिला सहा वर्षांत चांगलं ठाऊक झालं होतं. पोट सुटलेला गिऱ्हाईक म्हणतो, "धुऊन आटली हो पँट." आपण मान डोलवायची आणि कंबर सैल करून द्यायची. त्यामुळे त्या मंगळवारी दुपारी एक उंच माणूस, लिफ्ट दुरुस्त करणाऱ्यांच्या निळ्या गणवेशात, काखेत पिशवी दाबून आत शिरला तेव्हा ती थाप ऐकायला तयारच बसली होती.

त्याने पिशवीतून राखाडी ड्रेस काढला. बायकी, जुना, चांगल्या कापडाचा.

"दोन्ही बाजूंनी दोन बोटं आत घ्यायचाय. पण घेतलाय हे कळता कामा नये."

"कोणाला?"

"जिचा आहे तिला."

"म्हणजे चोरून आणलाय म्हणा की."

"हो," तो म्हणाला. "आईचा आहे."

कटिंगच्या टेबलाशी मावशीची कात्री थांबली. दुकान मावशीचं, आणि असल्या वेळी तिचे कान फार तिखट.

त्याने उभ्याउभ्याच सांगून टाकलं. पोटाचं ऑपरेशन झालं होतं, आई चार महिने दवाखान्यात होती. आता घरी आहे. डॉक्टर म्हणतात, औषध संपलं, आता फक्त जेवण. जेवतही होती बिचारी. पण परवा सकाळी तिने हा ड्रेस घातला, आरशात बघितलं, आणि तो अंगावर नुसता लोंबत होता. पलंगावर बसली आणि ताट बाजूला सारलं. आता कशाला उगाच, म्हणाली. दोन दिवस चहावर आहे.

"कपडे अंगाला बसले तर ती जेवेल," तो म्हणाला. "एवढंच आहे बघा."

"आईशी खोटं बोलताय तुम्ही."

"मी कुठे बोलतोय? मी तोंड बंद ठेवणार. काय बोलायचं ते ड्रेस बोलेल."

तिला हसू आलं, पण तिने ते दिसू दिलं नाही. "दोन बोटं म्हणजे कोणाची? तुमची की माझी?"

त्याने हात पुढे केला. नखांत काळं ग्रीस, बोटं चांगली जाड. "बत्तीस मिलिमीटर."

"इथे इंच चालतात."

"मग सव्वा."

आई दुपारी झोपायची ती चारला उठायची. त्याआधी ड्रेस कपाटात परत हवा, म्हणून तो स्टुलावर थांबून राहिला. तिने शिवण उसवली. नव्या दोऱ्याची चमक जाणत्या माणसाला लगेच कळते, म्हणून डबा उपसून एक विटलेलं रीळ शोधलं. चाळीस मिनिटांत काम झालं. चार वाजता ड्रेस कपाटात होता आणि दुसऱ्या दिवशी आई जेवली, असं त्याने फोन करून कळवलं. खरं तर कळवायची काही गरज नव्हती.

पण गेलेलं वजन असं लगेच थोडंच भरून येतं? आई जेवायची, तरी उतरतच होती. पुढच्या मंगळवारी तो हिरवा ड्रेस घेऊन आला, मग तपकिरी, मग पुन्हा राखाडी. चाळीस मिनिटांचं काम हळूहळू तासावर गेलं. बंद पडलेल्या लिफ्टमध्ये माणसं काय काय कबूल करतात ते तो सांगायचा, आणि ती ऐकता ऐकता तीच टीप दोनदा घालायची.

"अगं, सरळ शिवण आहे ती," मावशी म्हणायची. "नक्षी कसली काढतेस?"

तिला स्वतःची लाज वाटायची. एक बाई तिकडे वाळत होती म्हणून हा इकडे येत होता, आणि आपण मंगळवारी सकाळी केस दोनदा विंचरत होतो. कुठल्या तोंडाने कोणाला सांगणार? ती कोणाला सांगत नव्हती. केस मात्र विंचरत होती.

आणि चौथ्या खेपेला तिने चूक केली. राखाडी ड्रेसच्या गळ्याशी एक हूक एका धाग्यावर लोंबत होता. लोंबता हूक दिसला की शिवणाऱ्याचा हात विचारायला थांबत नाही. तिने तो लावून टाकला, चार टाके आणि गाठ. लावला हे तिच्या लक्षातही राहिलं नाही.

गुरुवारी त्याची आई काठी टेकत दुकानात आली. अगदी किरकोळ, पण पाठ ताठ. तिने ड्रेस टेबलावर ठेवला.

"हा हूक तीन वर्षं लोंबत होता. मी लावलेला नाही. माझ्या मुलाला सुई धरता येत नाही. म्हटलं, घराजवळची दुकानं बघावीत. हे दुसरं." मग बाजूच्या शिवणीवर बोट ठेवून ती म्हणाली, "तुझंच काम ना हे? छान आहे. आता मला खरं सांग, मुली. मी कमी होतेय ना?"

हो म्हटलं असतं तर संपलं होतं. ताट पुन्हा बाजूला झालं असतं, आणि या वेळी कुठल्याही कपड्याने ते परत पुढे ओढलं नसतं. हे तिला जितकं स्पष्ट दिसलं, तितकं त्या आठवड्यात दुसरं काही दिसलं नव्हतं.

"उलट," ती म्हणाली. "आधी आत घेतला होता, ते खरंय. पण या खेपेला सैल केलाय. पाऊण बोट. भरताय तुम्ही."

"टेपवर दिसलं तुला?"

"टेप कोणाची भीड ठेवत नाही."

आईने तिच्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं. मग ड्रेसची घडी घातली. "पुढच्या शुक्रवारी दवाखान्यात वजन करायचंय. कळेलच तेव्हा."

ती गेल्यावर मावशीने कपाळाला हात लावला. "पाऊण बोट? अगं, काय हे?"

दुसऱ्या दिवशी सकाळी तो आला. मंगळवार नव्हता, पिशवीही नव्हती.

"आईला काय सांगितलंत तुम्ही? पुढच्या शुक्रवारी काटा तिच्या डोळ्यांसमोर असेल. त्याला टाका घालता येणार आहे का?"

"रात्री जेवल्या का?"

"दोनदा मागून घेतलं."

"मग माझ्यावर का चिडताय?"

"चिडलो नाहीये." तो स्टुलावर बसला. "घाबरलोय मी."

"मीसुद्धा," ती म्हणाली.

काटा खाली आला तर ती बाई पुन्हा कोणावर विश्वास ठेवणार नव्हती. आणि हा माणूस पुन्हा या दुकानाची पायरी चढणार नव्हता. पहिली भीती मोठी, दुसरी लहान, असं तिने स्वतःला बजावलं. पण झोप उडवायला दोन्ही सारख्याच पुरल्या.

वजनाच्या शुक्रवारी तिने एका पँटचा पाय खालून बंद शिवला. मावशीने तो मुकाट्याने उसवला. साडेपाचला तो दारात उभा होता.

"चारशे ग्रॅम."

"कमी?"

"जास्त."

तिचे डोळे भरून आले आणि तिला स्वतःचाच राग आला. तो मात्र काही न दिसल्यासारखा भिंतीवरची रिळं बघत राहिला, आणि त्याबद्दल तो तिला फार आवडला.

"आईने निरोप दिलाय," तो म्हणाला. "म्हणाली, त्या मुलीला सांग, तुझी थाप मला तिथेच कळली होती. शिवण आत घेतलीय की सैल केलीय, एवढं समजतं मला."

"मग... मग त्या जेवल्या कशाला?"

"मीही तेच विचारलं. म्हणाली, माझ्यासाठी इतक्या मनापासून खोटं बोलली पोर. काट्यासमोर तिला खोटं पाडायचं जिवावर आलं."

मावशीला अचानक आतल्या खोलीत काहीतरी काम आठवलं.

"म्हणजे आता आत घ्यायचं काही उरलं नाही," ती म्हणाली.

"नाही."

"बरं झालं."

"हो... बरंच झालं." त्याने स्टूल जरा पुढे ओढलं. "पण मंगळवारी मी निघालो, तर कुठे चाललोय म्हणून आईला काय सांगू?"

"खरं सांगा. पुरे झालं आता खोटं."

"खरं काय आहे?"

"मला विचारताय?"

"तुम्हालाच विचारतोय."

तिने मशीनवरून हात काढून घेतला. "खरं हे की... मी मंगळवारची वाट बघते. कपड्यांची नाही. तुमची. तुमची आई बरी होत होती त्याचा आनंद होताच, पण तुम्ही येणार नाही म्हणून रडूही येत होतं. वाईट आहे हे. पण असंच आहे."

त्याचे कान लाल झाले. इतका उंच माणूस, पण त्याला कुठे बघावं ते सुचेना.

"माझ्याकडचं खरंही तेच आहे," तो म्हणाला. "ते मी आईला सांगून झालंय. तुमचं मात्र तुम्हीच येऊन सांगा."

"कधी?"

"आत्ताच. ती आपल्यासाठी जेवायची थांबलीय."

"मग उठा की," ती म्हणाली, आणि दिवा बंद करायच्या आधीच चपला शोधू लागली.