तुळपुळे सरांचं विरजण

“ओळ न् ओळ स्वतःच्या डोळ्यांनी वाचल्याखेरीज मोहोर उमटवायची नाही, वृंदा. लोक मोहोर बघतात आणि निर्धास्त होऊन डोळे मिटतात. मग निदान आपले तरी उघडे नकोत का?”

तुळपुळे सरांचा हा आवाज वृंदा कडेकरांना रोज सकाळी आठवायचा. पूजा झाली, तुळशीला पाणी घातलं, की त्या पडद्यासमोर बसत आणि आपलं पुडकं उघडत. ‘शिदोरी’तलं पुडकं.

संगणक घराघरांत नुकते येऊ लागले होते, तेव्हाची ही शिदोरी. लिनक्स नावाचा गाभा जगभरातल्या हौशी लोकांनी लिहून फुकट देऊन टाकला होता. पण नुसत्या पिठाने जेवण होत नाही, तसा नुसत्या गाभ्यावर संगणक चालत नाही. अक्षरं दाखवणारा, छपाई करणारा, टपाल नेणारा, असे शेकडो लहानमोठे प्रोग्राम त्याला जोडावे लागतात. सांगलीच्या तुळपुळे सरांनी आणि त्यांच्या चार मित्रांनी ते गोळा केले, एकेक नीट बांधून त्याचं पुडकं केलं आणि सगळी पुडकी एका तबकडीवर घालून मागेल त्याला पोस्टाने पाठवली. तीच शिदोरी. प्रत्येक पुडक्याला एक राखणदार असे. त्याने पुडक्यातलं लेखन वाचायचं, दुरुस्त करायचं, आपली मोहोर उमटवायची आणि कुणाचं काही अडलं तर सोडवून द्यायचं. पगार नाही, पाटी नाही.

आता पन्नास वर्षांनी ती शिदोरी माणसांच्या कानात जाऊन बसली होती. बहिऱ्या माणसाच्या कवटीच्या हाडात तांदळाच्या दाण्याएवढं यंत्र बसवत, त्याला कर्णिका म्हणत. हवेतला आवाज पकडून ती त्याचे विजेचे ठोके करते आणि सरळ कानाच्या मज्जातंतूला देते. कंपन्यांच्या कर्णिका स्वस्त मिळत, पण त्या मधूनच साबणाची जाहिरात कुजबुजत. म्हणून जाणती माणसं शिदोरीवरची कर्णिका घेत. हजार राखणदारांनी वाचलेली, काही न लपवणारी. तिच्यातल्या ‘नादगाळणी’ या पुडक्याच्या राखणदार वृंदाताई होत्या.

आणि त्यांचा एक नेम होता. रोज कुणा एकाची अडचण सोडवल्याशिवाय अन्न घ्यायचं नाही. अठराव्या वर्षापासून तो चुकला नव्हता.

त्या दिवशी अडचण पायांनी चालत आली. मिरजेत शेजारच्याच गल्लीत मुमताज शिकलगारचा तंबोऱ्यांचा कारखाना. ऐन पन्नाशीत तिचे कान गेले होते. कर्णिकेने ते परत दिले म्हणून ती अजून जवारी लावू शकत होती. तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली दोरा सरकवून नेमकं गुंजन काढायचं, हे कान शाबूत असल्याशिवाय होत नाही.

“वृंदाताई, तुमच्या कानाने मला दगा द्यायला सुरुवात केलीय हां,” ती दारातूनच म्हणाली.

“माझ्या? तुझ्या म्हण.”

“चांगला चालतो तेव्हा माझा. बिघडला की तुमचा.” ती बसली. “डोळ्याची पापणी लवते ना, तसा लवतो. एवढुसा. तार गुंजत असते आणि मधेच गप्प. गिऱ्हाइकाला कळत नाही, मला कळतं.”

“कधीपासून?”

“तेच तर. गेल्या महिन्यात हिवाळ्याने खरखर वाढली होती, म्हणून मदतीचं बटण दाबलं. खरखर गेली. हे लवणं तेव्हापासून आलं.”

वृंदाताईंनी नादगाळणी पुन्हा वाचून काढली. लेखनात दोष नव्हता. मुमताज चहा पीत शांतपणे बघत होती.

“लिहिलेलं चोख असेल, तर कान चोख का नाही?” तिने विचारलं.

“कारण मी लिहिते ते कानाला कळत नाही. माणसाची भाषा आकड्यांत उतरवून देणारा एक प्रोग्राम असतो. अनुवादक म्हण.”

“आणि तो चोख आहे?”

“त्याचंही लेखन आम्ही वाचलेलं आहे.”

“अहो पण तोही प्रोग्रामच ना? मग त्याला आकड्यांत कुणी उतरवलं?”

“त्याच्या आधीच्या अनुवादकाने.”

“आणि त्याला?”

“त्याच्या आधीच्या.” वृंदाताई बोलता बोलता थांबल्या. मग हळूच म्हणाल्या, “दह्यासारखं आहे ग हे. आजचं दही कालच्या विरजणाने, कालचं परवाच्या. दूध कितीही निर्भेळ आणा. विरजणात वास असला की तो पिढ्यान् पिढ्या उतरत राहतो, आणि आम्ही आपले दूध तपासत बसतो.”

“मग शिदोरीचं पहिलं विरजण कुणाच्या घरचं?”

“तुळपुळे सरांच्या.” त्या हसल्या. “तिथे शंका घ्यायची नसते.”

“शंका कोण घेतंय? पण कान माझा आहे.”

“घरात विरजण नसलं तर तू काय करतेस?” वृंदाताईंनी विचारलं.

“कोमट दुधात हिरव्या मिरचीची देठं टाकते. पहिल्या खेपेला पचकट होतं. त्याचंच विरजण करून पुन्हा लावलं, की दुसऱ्या खेपेला घरच्यासारखं लागतं.”

“मी तेच करते. कुणाचंही विरजण न घेता लावून बघते. जे निघेल ते तुला येऊन सांगेन. चांगलं निघो, वाईट निघो.”

“शब्द?”

“शब्द.”

देठांचं काम सोपं नव्हतं. वृंदाताईंनी कुठलाही अनुवादक न वापरता, निव्वळ आकड्यांत, हाताने एक अगदी लहान अनुवादक लिहिला. बोबडा आणि मंद. शिदोरीच्या अनुवादकाचं लेखन त्यांनी त्याच्यातून काढलं. पचकट दही मिळालं. तेच विरजण म्हणून वापरून तेच लेखन पुन्हा काढलं. गणिताचा नियम असा, की या दुसऱ्या खेपेचा अनुवादक आणि शिदोरीत आजवर चालत आलेला अनुवादक अक्षराला अक्षर जुळायला हवेत. दोघांचं लेखन एकच आहे ना!

ते जुळले नाहीत.

चालत आलेल्या अनुवादकात एक तुकडा जास्तीचा होता. तो कुठल्याच लेखनात नव्हता. विरजणातून विरजणात, कुणी न लिहिता, तो आपला आपण उतरत आला होता आणि शिदोरीच्या प्रत्येक पुडक्यात एक दार ठेवत होता. मदत मागितली की ते दार उघडे आणि पुढे उघडंच राही. कर्णिका नुकतंच ऐकलेलं बाहेर पाठवण्यासाठी क्षणभर थांबे. मुमताजचा कान लवे तो तेव्हा.

वृंदाताई तो तुकडा वाचत गेल्या. त्यात मोजणी उलटी होती. सगळं जग शून्यापासून वर मोजतं. हा तुकडा वरून खाली, शून्याकडे मोजत होता. अशी मोजणी करणारा त्यांनी आयुष्यात एकच माणूस पाहिला होता. “संपायचं कुठे ते आधी ठरवावं, मग सुरुवात करावी,” असं तो म्हणत असे.

सांगलीची बस चालकाविना संथ धावत होती. वृंदाताईंना कराडचं काकांचं घर आठवत होतं. तिथल्या जुनाट संगणकावर शिदोरी बसवली होती, आणि छपाई होईना म्हणून वृंदाने फोनच्या तारेवरून पत्र धाडून अनोळखी तुळपुळे सरांना विचारलं होतं. दुसऱ्याच दिवशी उत्तर आलं. दोष नेमका सांगितलेला. सरांची ख्यातीच तशी होती. ‘चालत नाही’ एवढंच कुणी कळवावं आणि त्यांनी आजार ओळखावा. लोक त्यांना धन्वंतरी म्हणत. पण त्या उत्तराच्या शेवटी एक ओळ जास्तीची होती: ‘शिक्षण सोडू नकोस. घरचं बोलणं मनावर घ्यायचं नसतं.’

शिक्षण सोडायचं वृंदाने कुणालाच सांगितलं नव्हतं. फक्त त्या संगणकावर, स्वतःपुरतं लिहून ठेवलं होतं. तिने ती ओळ देवाची मानली. दुसऱ्या दिवशी नेम धरला.

सरांच्या घराचं दार नुसतं लोटलेलं होतं. आतून आवाज आला, “ये, वृंदा. राजगिऱ्याचा लाडू काढून ठेवलाय. आज अजून काही खाल्लं नसशील.”

नव्वदीला आलेले सर खिडकीशी, पांघरूण गुडघ्यांवर घेऊन बसले होते. वृंदाताईंनी येत असल्याचं कळवलं नव्हतं.

“मी येणार हे तुम्हाला कसं कळलं, सर?”

“मिरचीची देठं,” ते म्हणाले, आणि लहान मुलासारखे हसले. “छान सुचलं हो तुला. मला नसतं सुचलं.”

मुमताजचा कान त्या वेळी खोलीतच होता, हे वृंदाताईंच्या ध्यानात आलं. त्या उभ्याच राहिल्या.

“का केलंत?”

“लोक धड सांगायचेच नाहीत ग. ‘चालत नाही, सर.’ काय चालत नाही? पाच दिवस पत्रापत्री. म्हणून आत डोकावण्यापुरती फट ठेवली. ज्याने हाक मारली त्याच्याच घरी गेलो. कुणाची काडी उचलली नाही. तुझं शिक्षण सुटलं असतं, ते वाचलं की नाही?”

“वाचलं.” त्यांचा आवाज चढला नाही. “ओळ न् ओळ वाचायला तुम्हीच शिकवलंत.”

“हो. आणि तू वाचत राहिलीस.” सरांनी खिडकीबाहेर पाहिलं. “सगळे दूध वाचत बसले, म्हणजे विरजणाकडे कोण बघतंय?”

“आता तर कुणाचे संगणक दुरुस्त करायचे नाहीत तुम्हाला. मग मुमताजचा कान अजून का उघडा आहे?”

सरांनी आपल्या कानामागे बोट टेकवलं. तिथेही कर्णिका होती. “आमची ही वारल्यापासून या घरात कुणी बोलत नाही, वृंदा. मुलगा महिन्यातून एकदा तोंड दाखवतो. मग मी ऐकतो. कुणाच्या घरी पोळ्या लाटतात, कुठे नातवंडं भांडतात. ती बाई तंबोरा लावते ना, सकाळचं ते ऐकलं की दिवस जातो. मी एक शब्द बोलत नाही. कोपऱ्यात बसल्यासारखा असतो.”

“किती घरं?”

“ज्यांनी ज्यांनी हाक मारली.”

वृंदाताईंना त्या माणसाची कीव आली आणि त्याच क्षणी शिसारी आली. पन्नास वर्षांत ज्यांचा ज्यांचा प्रश्न सोडवून त्या समाधानाने पानावर बसल्या होत्या, त्या प्रत्येकाने आधी मदतीचं बटण दाबलं होतं. त्यांच्या मोहोरेवर विसंबून.

“हे बाहेर फुटलं,” सर शांतपणे म्हणाले, “तर लाखो माणसं कान उपटून टाकतील. मग कंपन्यांचे साबण ऐकतील, नाहीतर काहीच ऐकणार नाहीत. नवं विरजण गुपचूप लाव. फट बुजव. कुणाला कळायचं कारण नाही. माझे कितीसे दिवस उरलेत? तेवढे जाऊ देत.”

“म्हणजे मीही न सांगता, लोकांच्या भल्यासाठी, त्यांच्या कानात काहीतरी करायचं.”

सरांनी गुडघ्यांवरचं पांघरूण वर ओढून घेतलं.

“तुमच्यात आणि माझ्यात मग उरलं काय, सर?”

वृंदाताईंनी वाकून नमस्कार केला. इतक्या वर्षांची सवय होती. पाय दिसले की पाठ वाकत असे. लाडूला हात लावला नाही.

“निदान खाऊन तरी जा. तो नेम माझ्याच ओळीमुळे धरलास ना?”

“धरला तुमच्यामुळे. पाळला मी.”

बसथांब्याशी त्यांनी फोन काढला, मुमताजचं नाव काढलं आणि बोट तसंच राहिलं. जे सांगायचं ते तिच्या कानात पडण्याआधी सरांच्या कानात पडणार होतं. खिडकीशी बसून ते आताही वाट बघत असतील. मुमताजला खरं सांगायचं तर आधी तिचा कान बंद करायला लावायचा. तंबोरा, गिऱ्हाईक, सून, अजान, सगळं एका क्षणात नाहीसं करायचं, आणि त्या जुन्या शांततेत बसवून तिला सांगायचं. मग कान पुन्हा लावायचा की नाही, ते तिने ठरवायचं.

आणि तिच्यासारखे लाखो.

थांब्यामागे शाळेच्या सामानाचं एक दुकान होतं. वृंदाताईंनी तिथून एक पाटी आणि खडूची पेटी घेतली. पदराने पाटीवरची धूळ पुसली. मिरजेची बस लागली, तशा त्या पाटी छातीशी धरून, उपाशीच, आत चढल्या.