दोन मिनिटं चाळीस सेकंद

लिफ्टचं दार मिटता मिटता एक बूट आत आला, मागोमाग पुठ्ठ्याचा अख्खा दवाखाना आणि सगळ्यात शेवटी माणूस.

“चौथा दाबता का? माझे हात अडकलेत.”

“तुमच्या कानाला डिंक लागलाय,” मी म्हणाले.

“असू दे. कान तरी निखळणार नाही.”

मला हसू फुटलं. किती दिवसांनी… मलाच दचकायला झालं.

मी तिथल्या ऑफिसात इमारतींचे नकाशे काढते. त्या नकाशांची पुठ्ठ्याची घरं करणारे हे मॉडेलवाले एकटेच तळघरात बसतात. पुढे लिफ्टमध्ये आमच्या पाच-सहा भेटी झाल्या. कधी त्यांच्या हातात शाळा, कधी पूल. आणि एका सोमवारपासून ते दिसेनासेच झाले. जिन्याने जातात म्हणे. तळघरापासून चौथ्या मजल्यापर्यंत, हातात इमारती घेऊन!

बरं झालं, असं मी स्वतःला बजावलं. माझी लेक तीन वर्षांची. ती रांगायला लागायच्या आत तिच्या बाबाने दुसरा संसार थाटला. तेव्हापासून कोण आपल्याकडे कसं बघतंय, कोण मागे कुजबुजतंय, यावर माझं सतत लक्ष. पुन्हा हसं करून घ्यायची माझी तयारी नव्हती.

त्यानंतर तीन आठवड्यांनी वायरताई माझ्या टेबलाशी आली. आमच्या ऑफिसचे कॉम्प्युटर आणि वायरी ती सांभाळते, म्हणून वायरताई. आमच्याकडे ज्याची त्याची गाणी नेटवर्कवर सगळ्यांना खुली असतात. कुणीही कुणाचीही ऐकावी.

“नवीन सॉफ्टवेअर टाकलंय,” ती म्हणाली. “आपली गाणी कोण ऐकतं, कितीदा, किती वेळ, सगळं कळतं, मागचंसुद्धा. बघ तरी तुझे चाहते किती.”

“माझे कसले चाहते…”

तिने यादी उघडली. सगळ्यात वर ओळ होती : अंगाई, एकतीस वेळा. ऐकणारा कॉम्प्युटर : मॉडेलखोली.

मॉडेलखोली म्हणजे तळघर. म्हणजे ते!

पाळणाघरात लेक दुपारी झोपेना, म्हणून मी माझ्या आवाजात अंगाई रेकॉर्ड केली होती. ती झोपली तरी फोन चालूच राहिला आणि मी आपली तिच्या केसांतून हात फिरवत बोलत बसले. पाळणाघराला गाणं तेवढं कापून दिलं. पण ते कापलं ऑफिसच्या कॉम्प्युटरवर, आणि मूळ रेकॉर्डिंग तसंच राहिलं. नेमकं सगळ्यांना खुल्या असलेल्या गाण्यांत.

काय बोलले होते मी? शब्द न् शब्द आठवला. ‘बाळा, लिफ्टमध्ये एक डिंकवाला माणूस भेटतो. तो हसला की मला घरी येईपर्यंत हसू येतं. पण आपल्याला असली थेरं झेपायची नाहीत हो…’

“अगं, पांढरीफटक का पडलीस?” वायरताईने विचारलं.

“पाणी दे.”

“आणि हे बघ, काहीतरी बिघडलंय. गाणं सहा मिनिटांचं आणि हा माणूस एक वेळ सोडली तर दरवेळी एकाच जागी थांबतो.”

मी वाकून पाहिलं. पहिल्यांदा सहा मिनिटं दहा सेकंद. म्हणजे सगळं. पुढच्या तीसही वेळा दोन मिनिटं चाळीस सेकंद. अंगाई संपते तिथे, बरोबर तिथे.

“बिघडलेलं नाही,” मी म्हणाले आणि उठले.

तळघरात ते चिमट्याने एवढीशी खिडकी चिकटवत होते. गळ्यात हेडफोन. मला पाहताच खिडकी बोटालाच चिकटली.

“ऐकलंत?” मी दारातूनच विचारलं.

कशाबद्दल, असं त्यांनी विचारलं नाही. “एकदा. गाणी लावून काम करत होतो, एकामागून एक आपोआप लागत होती. तुम्ही बोलायला लागलात तेव्हाच बंद करायला हवं होतं. नाही केलं. चुकलंच.”

“म्हणून जिना धरलात?”

“झेपायचं नाही म्हणालात. मग रोज समोर येऊन उभं कशाला राहायचं?”

“आणि तीस वेळा अंगाई? तुम्हाला झोप येत नाही का?”

“लिफ्ट सोडल्यावर तुमचा आवाज कुठे ऐकणार…”

मी भांडायला आले होते. जिना उतरताना वाक्यं जुळवून ठेवली होती, विचारलं मात्र भलतंच.

“मग पुढचं का नाही ऐकलंत पुन्हा?”

“ते लेकीला सांगितलेलं होतं,” ते हळूच म्हणाले. “मला नव्हे.”

माझ्या मागे कुणी कुजबुजत नव्हतं, कुणी बघत नव्हतं. हा माणूस तर कानही आवरून बसला होता, एकदा नव्हे, तीसदा!

“पाळणाघर पाचला सुटतं,” मी म्हणाले. “कोपऱ्यावरचंच, निळ्या फाटकाचं. मग आम्ही दोघी बागेपर्यंत चालत जातो. ती फार प्रश्न विचारते… पुढचं ऐकायचं असेल तर या.”

हे मी बोलले? मी? कान असे तापले की हात लावून पाहावेसे वाटले.

मग त्यांनी गळ्यातले हेडफोन काढले, वायर नीट गुंडाळली, ड्रॉवरमध्ये ठेवून ड्रॉवर बंद केला.

“पाच म्हणजे पाचच ना?” त्यांनी विचारलं.